ओवी, निरूपण आणि श्रोता : चाकूरच्या मंडपापासून रायतूरच्या ख्रिस्तमंदिरापर्यंत

मराठी माणसाच्या वाट्याला कविता प्रथम आली ती कानांवाटे. छापील पुस्तक हाती घेऊन एकट्याने कविता वाचावी, तिचा अर्थ मनातल्या मनात लावावा आणि पुस्तक मिटून ठेवावे, ही रीत अलीकडची. त्यापूर्वी सहा-सातशे वर्षे आमच्या भाषेतील कविता चारचौघांत म्हटली गेली, आणि म्हणणाऱ्याने ती तिथेच उलगडूनही सांगितली. या सांगण्याला आपण 'निरूपण' म्हणतो. प्रस्तुत लेखात या निरूपणाचा थोडा इतिहास पाहावयाचा आहे. तो आम्हां कॅथॉलिक कुटुंबांच्याही घरचा इतिहास आहे. परंतु आपल्यापैकी अनेकांना त्याची ओळख राहिलेली नाही, म्हणून हा प्रपंच.

आरंभ आपण चाकूरपासून करू. लातूरहून अहमदपूरमार्गे नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. लातूर रोड हे रेल्वेचे जंक्शन याच तालुक्यात, आणि औषधी वनस्पतींच्या बेटासाठी प्रसिद्ध असलेले वडवळ नागनाथही याच तालुक्यात. १९४८ पर्यंत हा सारा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. १९८२ साली लातूर जिल्हा उस्मानाबादपासून वेगळा झाला. येथे मोठी ग्रंथालये, नाट्यगृहे, साहित्यसंस्था यांची परंपरा जुनी नाही. तरीही या भागातील अक्षरशत्रू म्हातारीलादेखील तुकोबांचे दहा-वीस अभंग अर्थासकट येतात. हे कसे घडले, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे उत्तर एकच : सप्ताह.

मराठवाड्याच्या गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह बसतो. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथ्यावरील भजन व प्रवचन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर, असा सात दिवसांचा क्रम असतो. आठव्या दिवशी काल्याचे कीर्तन होऊन महाप्रसादाने सांगता होते. या साऱ्याचा कळस म्हणजे रात्रीचे कीर्तन. मंडपात मध्यभागी कीर्तनकार उभे राहतात. मागे विणेकरी, बाजूला मृदंग, दुतर्फा टाळकरी. समोर शेतातून आलेले, जेवून हातपाय धुतलेले गाव बसलेले असते. आणि दोन तास चर्चा चालते ती एका कवितेची! चार-पाच चरणांचा एक अभंग, त्याहून अधिक काही नाही.

ही चर्चा कशी चालते, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. महाराज प्रथम निवडलेला अभंग संपूर्ण म्हणतात. त्यातील एक चरण धृपदासाठी घेतला जातो आणि टाळकरी तो पुन:पुन्हा गातात. त्यामुळे कवितेचा गाभा श्रोत्यांच्या कानांत पक्का बसतो. मग एकेक चरण घेऊन त्यातील एकेक शब्द सोडविला जातो. हाच शब्द का, दुसरा का नाही, अशी शंका महाराज स्वत:च उपस्थित करतात आणि तिचे निरसन करतात. त्यासाठी ज्ञानेश्वरीतील ओवी, नामदेवांचा चरण, नाथांचे भारूड अशी 'प्रमाणे' दिली जातात. प्रमाणाचा पहिला शब्द उच्चारताच टाळकऱ्यांनी उरलेला चरण उचलून धरावयाचा असतो. म्हणजे कवितेचा अर्थ दुसऱ्या कवितेने लावला जातो, आणि श्रोता तो मुकाट्याने ऐकत नाही, त्यात सहभागी होतो. मध्येच पेरणी-काढणीचा, सासर-माहेराचा दृष्टान्त येतो, हशा पिकतो, आणि महाराज पुन्हा मूळ चरणावर येतात. शेवटी सर्व चरणांचा मेळ घालून अभंग पूर्ण केला जातो. नारदीय कीर्तनाची मांडणी थोडी निराळी. तेथे पूर्वरंगात पदाचे निरूपण आणि उत्तररंगात त्याच सिद्धान्ताला धरून एखादे आख्यान असते. परंतु दोहोंच्या मुळाशी असते ती कविताच.

ही रीत केवळ वारकऱ्यांची आहे असेही नव्हे. लातूर-नांदेड भागातील वीरशैव समाजात शिवनाम सप्ताह बसतात, मन्मथस्वामींच्या 'परमरहस्य' या ग्रंथाचे पारायण होते आणि त्यांच्या अभंगांवर शिवकीर्तन होते. मन्मथस्वामींचे समाधिस्थान बीडजवळील कपिलधार येथे आहे. तिकडे नांदेडला १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला. तेथील गुरुद्वारात गुरुवाणी गाइली जाते आणि 'कथा' या नावाने तिचा अर्थही सांगितला जातो. नरसीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. तेव्हा मराठवाड्याच्या या कवीचे निरूपण दोन धर्मपरंपरांत चालू आहे.

या परंपरेचे मूळ शोधू गेल्यास आपण ज्ञानेश्वरीपाशी पोहोचतो. १२९० साली नेवासे येथे सिद्ध झालेला हा ग्रंथ स्वत:च एक निरूपण आहे. गीतेचे सातशे श्लोक समोर ठेवून ज्ञानदेवांनी सुमारे नऊ हजार ओव्यांत ते श्रोत्यांना समजावून दिले. ग्रंथात श्रोते जागोजागी भेटतात. कवी त्यांची मनधरणी करतो, त्यांच्या अवधानाची याचना करतो. श्रोत्यांचे लक्ष नसेल तर वक्त्याचे बोलणे व्यर्थ, ही जाणीव तेथे सतत जागी आहे. पुढे सोळाव्या शतकात अंबाजोगाईला दासोपंतांनी तर निराळीच योजना केली. त्यांनी आपले 'पंचीकरण' सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर, आकृत्यांसह लिहिले. 'पासोडी' या नावाने ती प्रसिद्ध आहे. कापडावर आकृत्या मांडून काव्यातील तत्त्वविचार डोळ्यांनाही दिसावा, अशी ही रचना आहे. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५ असा सांगतात.

हे साल येथे मुद्दाम नोंदवीत आहोत. कारण दासोपंतांनंतर लगेचच, १६१६ साली, गोव्यातील रायतूर येथे एका इंग्रज जेझुइट धर्मगुरूचे मराठी महाकाव्य छापून बाहेर पडले. ते धर्मगुरू म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स आणि ते काव्य म्हणजे 'क्रिस्तपुराण'.

फादर स्टीफन्स यांचा जन्म १५४९च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात झाला. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यास पोहोचले आणि १६१९ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे, बहुतेक साष्टी भागात राहिले. क्रिस्तपुराणात १०,९६२ ओव्या आहेत. पहिल्या पुराणात ३६ अवस्वरू, म्हणजे अध्याय, दुसऱ्यात ५९. पहिल्यात विश्वाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. मराठी भाषेच्या थोरवीवर त्यात आलेल्या ओव्या शाळेच्या पुस्तकांमुळे सर्वांना ठाऊक आहेत. आपल्याला येथे पाहावयाची आहे ती वेगळी बाजू : हे काव्य कोणापुढे आणि कशा रीतीने मांडले गेले?

ग्रंथाचा आरंभच याचे उत्तर देतो. साष्टीतील एका ख्रिस्तमंदिरात धर्मशिक्षण चालू आहे. तेथे एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना विनंती करतो, की मुलांना शिकविता ते ठीकच आहे. परंतु आमच्याकडे पूर्वी जशी पुराणे होती तसे वाचावयास-ऐकावयास आम्हांलाही काही हवे. या विनंतीतून क्रिस्तपुराणाचे निरूपण सुरू होते. म्हणजे ज्ञानेश्वरीप्रमाणेच येथेही श्रोता ग्रंथाच्या आतच बसलेला आहे. तो शंका विचारतो, गुरू उत्तर देतात, कथा पुढे सरकते. आपले पूर्वज धर्म बदलून आले तेव्हा आपली ऐकण्याची सवय मागे टाकून आले नव्हते. फादर स्टीफन्स यांचे मोठेपण असे, की त्यांनी ती सवय मोडू पाहिली नाही. तिलाच त्यांनी आपल्या काव्याचा पाया केले.

भाषेविषयीही त्यांनी श्रोत्याचाच विचार केला. आपल्या गद्य प्रस्तावनेत ते सांगतात, की देवाविषयीच्या गोष्टी मांडण्यास मराठी योग्य वाटली. परंतु शुद्ध मराठी येथील सामान्य लोकांना समजत नाही म्हणून जुन्या कवींचे कठीण शब्द गाळून स्थानिक बोलीतील सोपे शब्द मिसळले आहेत. कवीने स्वत:हून आपले काव्य श्रोत्याच्या उंचीला आणण्याचा हा प्रयत्न होय. ग्रंथाच्या आरंभी पुराणांच्या रीतीने नमन आहे, पण ते पवित्र त्रैक्याला. स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द आहे, आणि बाप्तिस्म्यासारखे जे शब्द बदलता येण्याजोगे नव्हते ते तसेच ठेवले आहेत. कोणता शब्द श्रोत्याच्या घरातून घ्यावा आणि कोणता बाहेरून आणावा, हा विवेक निरूपणकाराला लागतोच. तो येथे पानोपानी दिसतो.

क्रिस्तपुराण ख्रिस्तमंदिरांत रविवारी व सणांच्या दिवशी म्हटले जाऊ लागले, लोकांना आवडले. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. देवनागरी खिळ्यांअभावी हे सर्व मुद्रण रोमन लिपीत झाले. आणि आता एक गोष्ट वाचकांनी नीट ध्यानी घ्यावी. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. काव्य वाचले ते हस्तलिखितांमुळे. ज्या घरांत, ज्या ख्रिस्तमंदिरांत ते म्हटले जात होते, तेथील लोकांनी ते हाताने उतरवून घेतले. टिपू सुलतानाने १७८४ साली मंगळूर भागातील ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणास बंदी करून नेले, तेव्हा धर्मगुरूंवाचून राहिलेल्या त्या लोकांना याच काव्याने श्रद्धेत टिकवून धरले, असे परंपरा सांगते. १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी हस्तलिखितांवरून क्रिस्तपुराण पुन्हा छापले तेही मंगळुरातच. पुढे १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती काढली आणि १९९६ साली फादर कारिदाद द्राग यांची आवृत्ती प्रसिद्ध झाली. छापखान्याने न राखलेले काव्य श्रोत्यांनी राखले, हा या इतिहासाचा अर्थ आहे.

मग पुढे काय झाले? १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी फर्मान काढून तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याची आज्ञा केली. फर्मानाने भाषा मरत नसते, तशी ती मेलीही नाही. परंतु देशी भाषेतील ख्रिस्ती लेखनाची पहिली जोमदार लाट ओसरली. फादर एतियेन द ला क्रुआ यांचे संत पेत्रावरील पुराण, संत अंथोनीचे चरित्र अशी जी परंपरा उभी राहत होती तिला पुढे वारस मिळेनात. क्रिस्तपुराणाचे वाचन काही ठिकाणी दीर्घकाळ चालू राहिले. पण ते सांगणारा, म्हणजे ओवी थांबवून तिचा अर्थ उलगडणारा, हळूहळू नाहीसा झाला. बोली एकीकडे गेली, ग्रंथाची मराठी दुसरीकडे राहिली. मधला दुवा तुटला की कविता केवळ सूर होते, आणि मग तोही विसरला जातो.

आता चाकूरकडे वळून पाहू. हैदराबाद संस्थानातही राज्यकारभाराची भाषा मराठी नव्हती, उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी शिकण्याची सोय अपुरी होती. तरीही मराठी कविता येथे तगून राहिली, कारण तिला राजाश्रयाची गरज नव्हती. तिला एक मंडप, एक मृदंग, अर्थ सांगणारा एक माणूस आणि ऐकणारे गाव पुरेसे होते. गोव्यात निरूपणकार गेला आणि काव्य ओसाड पडले. मराठवाड्यात शाळा नव्हती तरी निरूपणकार होता, आणि काव्य नांदते राहिले. या दोन चित्रांतून जे शिकावयाचे ते आम्ही शिकलो आहोत काय, हा आमचा प्रश्न आहे.

एकोणिसाव्या शतकात आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांनी हा धागा पुन्हा उचलला, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमधील कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तनाच्या वाटेने ख्रिस्ती कविता लोकांपर्यंत नेली. त्यांचे 'ख्रिस्तायन' १९१९ साली त्यांच्या निधनाने अपुरे राहिले. पुढचा मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. आमच्या कॅथॉलिक समाजातही या दिशेने लेखन झाले आहे. 'सुबोध बायबल' लिहिणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबाद येथील ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ज्या जिल्ह्यातून लातूर वेगळा झाला त्याच जिल्ह्यात एका धर्मगुरूला हा मान मिळाला. २०२४ साली ते निवर्तले.

कोणी म्हणेल, कीर्तन ही इतरांची पद्धत. आपण तिचे अनुकरण का करावे? यावर आमचे उत्तर असे, की लोकांसमोर कविता वाचून तिचा अर्थ सांगणे ही आपल्या धर्मग्रंथातीलच रीत आहे. नहेम्याच्या ग्रंथात एज्रा नियमशास्त्र वाचतो आणि लेवी लोकांमध्ये फिरून त्याचा अर्थ समजावून सांगतात. प्रेषितांच्या कृत्यांत गाझाच्या वाटेवर इथिओपियाचा अधिकारी रथात बसून यशया वाचीत असतो. तो वाचीत असतो ते दु:खी सेवकाचे गीत, म्हणजे कविताच. फिलिप त्याला प्रथम विचारतो ते 'समजते का?' एवढेच, आणि त्या गीतापासून आरंभ करून त्याला शुभवर्तमान सांगतो. हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनी दीडशेच्या दीडशे स्तोत्रांवर निरूपण केले. त्यातील पुष्कळसे प्रत्यक्ष श्रोत्यांपुढे सांगितलेले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला वाव दिला, तेव्हापासून प्रत्येक मिस्सामध्ये आपण एक कविता आपल्या भाषेत म्हणतो. ते प्रतिसाद स्तोत्र. पण त्याचा अर्थ उलगडला जाताना आपण कितीदा ऐकतो?

उदाहरणादाखल मेंढपाळाचे तेविसावे स्तोत्र घेऊ. त्यात अवघी सहा वचने आहेत. ज्याला निरूपणाची दृष्टी आहे तो प्रथम कवितेतील सर्वनामे पाहील. आरंभी भक्त देवाविषयी बोलतो, 'तो' असे म्हणतो. हिरवळ आहे, संथ पाणी आहे, तोवर देव तृतीय पुरुषी आहे. मात्र अंधाऱ्या दरीत पाऊल पडताच 'तो'चा 'तू' होतो. सुखात ज्याच्याविषयी आपण बोलत होतो, संकटात त्याच्याशीच बोलू लागतो. सारे स्तोत्र या एका वळणावर उभे आहे. पुढे चित्र बदलते. मेंढपाळ जाऊन यजमान येतो, कुरण जाऊन मांडलेली पंगत येते. आणि प्रभूचे नाव पहिल्या वचनात येते ते थेट शेवटच्या वचनात पुन्हा येते. मधला सारा प्रवास त्या दोन नामोच्चारांच्या कवेत आहे. याला प्रमाणे हवीत तर यहेज्केलचा चौतिसावा अध्याय आहे, योहानाचा दहावा अध्याय आहे, लूकच्या शुभवर्तमानातील हरवलेल्या मेंढराचा दाखला आहे. दृष्टान्त तर चाकूरच्या माणसाला शोधावेच लागत नाहीत. उन्हाळ्यात मेंढरे घेऊन चाऱ्यासाठी भटकणारा धनगर त्याने पाहिलेला असतो. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेही त्याच्या स्मरणात आहे. संथ पाण्याकाठी नेणारा देव म्हणजे काय, हे या भागातील माणसाला जितके चटकन उमगेल तितके ते बारमाही नदीकाठच्या माणसाला उमगणार नाही.

निरूपणाला दोषही जडतात, हे आम्ही विसरत नाही. कधी अभंग निमित्तमात्र उरतो आणि वक्त्याची करमणूक तेवढी रंगते. कधी शब्दाला ओढूनताणून असे अर्थ चिकटविले जातात, की कवी स्वत: ऐकता तर चकित झाला असता. चांगला निरूपणकार दर थोड्या वेळाने चरणाकडे परततो, आणि चरण जे सांगत नाही ते त्याच्या तोंडी घालीत नाही. धर्मग्रंथातील कवितेच्या बाबतीत तर ही मर्यादा अधिकच कसोशीने पाळली पाहिजे. त्यासाठी अभ्यास हवा, धर्मगुरूंचे मार्गदर्शन हवे. परंतु दोषांच्या भीतीने रीतच टाकून देणे म्हणजे कणसाला कीड लागेल म्हणून पेरणीच न करण्यासारखे आहे.

लातूर-नांदेडचा हा भाग १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. संख्येने आम्ही थोडे आहोत. आमच्या मुलांच्या वह्यांत कविता आहेत त्या परीक्षेपुरत्या, आणि प्रार्थनापुस्तकांत आहेत त्या म्हणण्यापुरत्या. शेजारच्या मंडपात एकेका चरणावर तासभर थांबणारे गाव आम्ही दरसाल पाहतो आणि आपल्या घरी दहा हजार ओव्यांचा वारसा बासनात बांधून ठेवतो. हा वारसा पुन्हा उघडावयास फार मोठा खटाटोप लागणार नाही. प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी क्रूसाच्या वाटेच्या भक्तीनंतर अर्धा तास बसावे. क्रिस्तपुराणातील दु:खसहनाच्या प्रसंगातील वीस-पंचवीस ओव्या कोणी एकाने स्पष्ट म्हणाव्यात, एखादी ओवी सर्वांनी मिळून गावी, आणि जाणत्याने अवघड शब्द सोडवून अर्थ सांगावा. लहान मुलांना शंका विचारू द्याव्यात. फादर स्टीफन्स यांच्या ग्रंथाचा आरंभही श्रोत्याच्या एका विनंतीनेच झालेला आहे. आगमनकाळात यशयाची गीते घ्यावीत, मे महिन्यात मरियेचे स्तोत्र घ्यावे. एका धर्मग्रामाने हे दोन-तीन वर्षे नेमाने केले तर त्या धर्मग्रामातील मूल आणि आजी एकाच कवितेविषयी एकमेकांशी बोलू लागतील.

आमच्या पूर्वजांनी ओव्या हाताने उतरवून ठेवल्या, त्या आपण ऐकाव्यात म्हणून. त्यांच्या श्रमाची फेड करावयाची तर ती ऐकण्यानेच होईल.